चिपचं कार्ड: दुकानात पैसे देताना कितपत भरवशाचं?

चिपच्या कार्डाचं मोठं काम एकच आहे आणि ते ते चोख करतं: दुकानातल्या मशीनमधून चोरलेल्या माहितीवरून चिपची नक्कल बनवता येत नाही. मागच्या काळ्या पट्टीचं नेमकं उलट आहे. पट्टीवरची माहिती दर वेळी तीच असते. ती एकदा चोरट्या रीडरमधून गेली की कोऱ्या कार्डावर उतरवता येते.

चिप म्हणजे एक छोटा संगणकच. त्यात एक गुप्त किल्ली असते आणि ती कधीच बाहेर येत नाही. दुकानातलं मशीन चिपला रक्कम, चलन, तारीख आणि त्या क्षणी काढलेला, आधी ओळखता न येणारा एक आकडा देतं. चिप त्यात स्वतःचा व्यवहार क्रमांक मिसळते, किल्ली वापरून एक संकेत बनवते आणि बँक तो पडताळते. पुढच्या व्यवहाराला क्रमांक वाढतो, त्यामुळे कालचा संकेत चोरून आज काही हाती लागत नाही. या पद्धतीला ईएमव्ही म्हणतात. युरोपे, मास्टरकार्ड आणि व्हिसा या तीन कंपन्यांची ही आद्याक्षरं. 1999 पासून ईएमव्हीको ही संस्था तिचे नियम सांभाळते.

वापरताना आधी मशीनवरची रक्कम वाचा आणि मगच कार्ड घाला, चिप वर आणि पुढे ठेवून. पिन टाकताना दुसरा हात कीपॅडवर धरा. चिप पिन लपवत नाही, तो लपवायचं काम तुमचंच. ‘कार्ड काढा’ असं स्क्रीनवर येईपर्यंत कार्डाला हात लावू नका. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. बँकेने मंजुरी दिलेली असते, पण शेवटची देवाणघेवाण व्हायच्या आत कार्ड ओढलं जातं. मग मशीन व्यवहार रद्द दाखवतं आणि तुमच्या फोनवर मात्र पैसे कापल्याचा मेसेज येतो. ही रक्कम सहसा परत जमा होते. तरी पुन्हा पैसे देण्याआधी रद्द झाल्याची पावती मागून घ्या, तक्रार करायची वेळ आली तर तीच उपयोगी पडते.

चिप वाचली गेली नाही तर तिचा सोनेरी भाग कोरड्या मऊ कापडाने पुसा आणि पुन्हा घाला. घाम, धूळ, तेलकट बोटं ही नेहमीची कारणं. भेग पडली असेल तर नवं कार्ड मागवणं हाच उपाय. ‘पट्टीवर ओढून बघू का’ असं कोणी विचारलं तर सरळ नाही म्हणा. कार्डाला चिप आहे हे पट्टीतच नोंदलेलं असतं, म्हणून मशीन आधी चिपच मागतं. पण चिप वारंवार वाचता आली नाही तर काही मशीन पट्टीवर उतरतात. चोर नकली कार्डावर मुद्दाम बिघडलेली चिप बसवतात ती याचसाठी. पट्टी हा या कार्डाचा सर्वांत दुबळा भाग आहे आणि ती अजून का ठेवली आहे याचं समर्थन करणं कठीण आहे. मास्टरकार्डने 2021 मध्ये जाहीर केलं की 2029 पासून त्यांच्या जवळपास कुठल्याच नव्या कार्डावर ती नसेल. ते पाऊल आधीच पडायला हवं होतं.

टॅप करतानाही दर वेळी नवा संकेत बनतो, म्हणून नकलेच्या बाबतीत ते कमी सुरक्षित नाही. अंतर जेमतेम चार सेंटिमीटर लागतं. पाकीट तसंच टेकवलं आणि आत दोन कार्डं असली तर मशीन गोंधळतं किंवा नको ते कार्ड वाचतं. हवं तेच बाहेर काढा. खरी उणीव वेगळी आहे: ठरावीक रकमेच्या आत पिन विचारला जात नाही, म्हणजे हरवलेलं कार्ड ज्याच्या हाती लागेल त्याला ते चालतं. बँकेच्या अ‍ॅपमध्ये टॅपची मर्यादा कमी करण्याची सोय असेल तर ती वापरा.

पिनचाही भरवसा सगळीकडे सारखा नाही. काही व्यवहारांत पिन बँकेकडे जातो, काहींत चिपच तो तपासते. 2010 मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलं की दुसऱ्या प्रकारात चोरीचं कार्ड आणि मशीन यांच्यामध्ये एक उपकरण बसवलं, तर चुकीचा पिनही बरोबर असल्याचं मशीनला भासवता येतं. बँकेकडे जाणाऱ्या पिनवर ही युक्ती चालत नाही. म्हणून कार्ड हरवल्यावर ‘पिन कुणाला माहीत नाही’ म्हणून थांबू नका, लगेच ब्लॉक करा.

ऑनलाइन खरेदीत तर चिपचा काही संबंधच येत नाही. तिथे कार्डावर छापलेला क्रमांक, मुदत आणि तीन आकडी कोड वापरला जातो, आणि कार्ड तुमच्या नजरेआड नेलं तर हे सगळं फोनवर टिपायला काही सेकंद पुरतात. मशीन तुमच्यापर्यंत आणायला सांगा. कार्ड फक्त दुकानात वापरायचं असेल तर ऑनलाइन व्यवहार अ‍ॅपमधून बंदच ठेवा.