कमी दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांचा लेसर : जळगावातील एका नेत्ररुग्णालयाचा आठ वर्षांचा अनुभव

आमची मुलगी तिसाव्या आठवड्यात, १३०० ग्रॅम वजनाची जन्मली. ३४ आठवड्यांआधी किंवा २००० ग्रॅमहून कमी वजनाने जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्यावर (रेटिनावर) नको तशा रक्तवाहिन्या वाढण्याचा आजार (आरओपी) होऊ शकतो, म्हणून तो पडदा महिन्याच्या आत तपासून घ्यावा लागतो, हे ती काचेच्या पेटीत होती तिथे आम्हाला कोणीच सांगितले नाही. पाचव्या आठवड्यात लसीला गेलो तेव्हा एका नर्सबाईंनी विचारले, म्हणून तापी ओलांडून आम्ही जळगाव गाठले.

तिथल्या उपचाराला नाव ठेवायला जागा नाही. दर आठवड्याला तपासणी झाली आणि आजार वाढलेला दिसताच ४८ तासांच्या आत दोन्ही डोळ्यांवर लेसर झाला. दुपट्यात घट्ट गुंडाळलेले बाळ, पापण्या उघड्या ठेवणारा तारेचा बारीक चिमटा आणि डोक्याला दिवा बांधून ओणवे झालेले डॉक्टर, हे दृश्य आजही डोळ्यांपुढे आहे. लेसरऐवजी डोळ्यात इंजेक्शनही देता येते, मात्र त्यानंतर काही महिन्यांनी आजार उलटू शकतो आणि तपासण्या लांबतात; एसटीने येणाऱ्यांना ते झेपणार नाही, असे डॉक्टरांनी मोकळेपणाने सांगितले. लेसरने पुढे मोठ्या नंबरचा चष्मा लागू शकतो, हेही त्यांनी लपवले नाही.

तक्रार आहे ती त्यानंतरची. कार्डावर ‘वर्षाने दाखवणे’ एवढेच लिहिले होते. पडदा वाचला म्हणजे नजर वाचली असे नव्हे, तिरळेपणा, आळशी डोळा (मेंदू एका डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागल्याने त्याची नजर कमी राहणे), काचबिंदू आणि मोठेपणी पडदा सुटणे यांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे लागते, हे समजावून सांगायला कोणाला सवड नव्हती. एकदा दाखवले, मग आम्हीही गाफील राहिलो (तो दोष आमचाच). तिसऱ्या वर्षी ती टीव्हीला नाक लावून बसू लागली, तेव्हा उणे सहाचा नंबर निघाला आणि डावा डोळा आळशी झालेला होता. उजव्यावर पट्टी बांधून दोन वर्षे झगडलो. आज चष्म्याने उजव्या डोळ्याला तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता येते, डाव्याची मजल चौथ्या ओळीपर्यंतच आहे.

लेसरसाठी जरूर जावे, परंतु पडद्याच्या नोंदीची प्रत मागून घ्यावी. आमची फाइल तिथे सापडत नाही आणि दर खेपेला नवा केसपेपर काढावा लागतो. पाचपैकी साडेतीन तारे. पुढची तपासणी दिवाळीच्या सुटीत आहे, ती तारीख मीच कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.