माला-डी काही महिने वापरल्यावर: त्या सात तपकिरी गोळ्या फेकू नका

"शेवटच्या सात नाही घेतल्या तरी चालतं, त्या नुसत्या लोहाच्या आहेत." माला-डी ही गर्भनिरोधक गोळी मागितली की औषधाच्या दुकानात हे वाक्य बऱ्याचदा ऐकायला मिळतं. यंदा नव्याने गोळी सुरू करणाऱ्या एका मुलीला तेच सांगताना पुन्हा ऐकलं आणि राहवलं नाही. हे वाक्य अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायी बायकांना नको असताना दिवस जातात.

पाकिटात काय असतं ते बहुतेकींना माहीत आहे. २१ पांढऱ्या गोळ्या, प्रत्येकीत लेव्होनॉरजेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि इथिनिल एस्ट्राडिऑल ०.०३ मिलिग्रॅम ही दोन संप्रेरकं (हार्मोन्स). त्यानंतर ७ तपकिरी, फेरस फ्युमरेटच्या, म्हणजे लोहाच्या. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या माला-एनमध्ये हेच असतं. ओव्हरल-एलमध्येही औषध तेच आणि प्रमाण तेच. फक्त त्यात २१ गोळ्याच येतात, तपकिरी नसतात, आणि पैसे कितीतरी जास्त पडतात.

तपकिरी गोळीत गर्भ रोखणारं काही नाही हे कबूल. मग ती कशासाठी? दिवस मोजण्यासाठी. पांढऱ्या गोळ्या चालू असतात तोवर मेंदूकडून अंडाशयाला जाणारा हुकूम दबलेला असतो. त्या थांबल्या की दोन-चार दिवसांत पाळी येते आणि त्याच वेळी अंडाशय हळूहळू जागं व्हायला लागतं, बीजाच्या पिशव्या वाढू लागतात. सात दिवसांत त्या बीज सोडण्याइतक्या वाढत नाहीत, म्हणून सुट्टी सातच दिवसांची ठेवलेली आहे. आठव्या दिवशी पांढरी गोळी पोटात गेली की वाढ थांबते. ती नवव्या, दहाव्या, अकराव्या दिवशी गेली, तर दर दिवसाला धोका वाढत जातो.

आता तपकिरी गोळ्या फेकून दिलेल्या बाईचा चौथा आठवडा बघा. गोळी नाही, त्यामुळे रोजचा गजर बंद. पाळी येते, जाते. नवं पाकीट कधी उघडायचं हे तिने लक्षात ठेवायचं, आणि नेमका तो दिवस सणाचा, प्रवासाचा, नाहीतर पाहुण्यांचा निघतो. कित्येकींचा समज तर असा असतो की पाळी पूर्ण थांबल्यावरच नवं पाकीट घ्यायचं. तसं मुळीच नाही. रक्तस्राव चालू असला तरी शेवटच्या तपकिरी गोळीच्या दुसऱ्या दिवशी नव्या पाकिटातली पहिली पांढरी घ्यायची. मधल्या आठवड्यात एखादी गोळी राहिली तर फारसं बिघडत नाही. नवं पाकीट उशिरा सुरू झालं तर बिघडतं. अगदी काटेकोर घेतली तर वर्षाला १०० बायकांत एकीलाही दिवस जाणार नाहीत इतकी ही गोळी भरवशाची आहे. प्रत्यक्षातल्या विसराविसरीसकट हाच आकडा ७ च्या आसपास जातो.

पहिल्यांदा सुरू करताना पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरुवात करावी, म्हणजे संरक्षण लगेच मिळतं. एरवीही कधीही सुरू करता येते, फक्त आधीच दिवस गेलेले नाहीत याची खात्री हवी आणि पहिले ७ दिवस सोबत कंडोम वापरायला हवा. पट्टीच्या कडेला बॉलपेनने सुरुवातीची तारीख आणि २९व्या दिवसाची तारीख लिहून ठेवा. ती दुसरी तारीख सगळ्यात महत्त्वाची. रंग वेगळे दिसले तर अंदाजाने घेऊ नका, पट्टीवरचा छापील मजकूर वाचा.

पहिल्या पाकिटावरून मत बनवलं तर या गोळीला नापासच करावं लागेल. मळमळ होते, स्तन दुखतात, डोकं जड राहतं, आणि मध्येच कपड्यांवर तपकिरी-लाल डाग पडतात. डाग दिसले की बायका घाबरून गोळी तिथेच सोडतात. तिथेच सोडली की रक्तस्राव वाढतो आणि संरक्षणही जातं. डाग पडले म्हणजे गोळी निकामी झाली असं नाही. गर्भाशयाचं अस्तर पातळ होत असताना ते अधूनमधून सुटतं. दोन-तीन पाकिटांत हे बहुतेकींचं थांबतं. गोळी रोज ठरलेल्या वेळी घेतली तर डाग कमी पडतात. मळमळीवर उपाय म्हणजे रात्रीच्या जेवणानंतर, झोपण्याआधी गोळी घेणं. सकाळी चहावर घेणाऱ्यांना त्रास जास्त होतो.

तिसऱ्या-चौथ्या पाकिटानंतर मत बदलतं. पाळी कमी आणि ठरल्या वारी येते, पोटदुखी उतरते. कधी कधी पाळी नुसती दोन दिवसांची, थेंबभर असते आणि तेवढ्यानेही काळजी वाटते. गोळ्या न चुकता घेतल्या असतील तर हे नेहमीचंच आहे. एकही डाग न येता तपकिरी आठवडा गेला आणि मध्ये गोळ्या चुकल्या होत्या, किंवा सलग दोनदा तसं झालं, तर घरच्या घरी लघवीची चाचणी करावी. नवं पाकीट मात्र थांबवू नये.

तपकिरी गोळ्यांबद्दल एक तक्रार माझीही आहे. त्या आठवड्यात शौचाला काळी होते आणि काहींना बद्धकोष्ठ होतो. काळा रंग लोहामुळे येतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण हे सुरुवातीला कुणीतरी सांगायला हवं. गोळी चहासोबत घेऊ नका, लोह अंगी लागत नाही. ६० मिलिग्रॅम फेरस फ्युमरेटमधून प्रत्यक्ष लोह जेमतेम २० मिलिग्रॅम मिळतं, म्हणून रक्त कमी असेल तर ही सात गोळ्यांची भर पुरणार नाही, वेगळं औषध घ्यावं लागेल. पाळीतला रक्तस्राव कमी झाल्याने हिमोग्लोबिनला होणारा फायदा याहून मोठा आहे.

गोळी राहिली तर काय करायचं? एक राहिली तर आठवण होताच घ्या, त्या दिवशी दोन झाल्या तरी चालेल. लागोपाठ दोन किंवा जास्त राहिल्या तर सगळ्यात अलीकडची एक लगेच घ्या, बाकीच्या सोडा, पुढचे ७ दिवस कंडोम वापरा. नवं पाकीट दोन दिवस किंवा जास्त उशिरा सुरू केलं तरी हेच करा, आणि मागच्या पाच दिवसांत संबंध आला असेल तर आपत्कालीन गोळीबद्दल डॉक्टरांना लगेच विचारा. लागोपाठ दोन किंवा जास्त गोळ्या तिसऱ्या आठवड्यात राहिल्या तर मात्र पांढऱ्या संपवून तपकिरी टाकून द्यायच्या आणि थेट नवं पाकीट सुरू करायचं. गोळीनंतर तीन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी पांढरी घ्यावी.

तपकिरी गोळ्या सोडायचा योग्य मार्ग हा एकच: आज पांढरी संपली, उद्या नव्या पाकिटातली पांढरी. सुट्टी कमी केलेली चालते, वाढवलेली चालत नाही. गौरी-गणपतीला पाळी पुढे ढकलायची असली तरी हेच करायचं. त्यासाठी दुकानातून नॉरएथिस्टेरोनच्या गोळ्या वेगळ्या आणायची माला-डी घेणाऱ्या बाईला गरज नाही. आणि माला-डी न घेणाऱ्या बाईने त्या पाळी ढकलायच्या गोळ्यांवर गर्भनिरोधनासाठी विसंबू नये.

स्वस्त म्हणजे जुनाट, धोक्याची, हा समजही काढून टाका. रक्ताची गुठळी होण्याचा धोका गोळी न घेणाऱ्या १०,००० बायकांत वर्षाला सुमारे २ जणींना असतो, लेव्होनॉरजेस्ट्रेलच्या गोळीवर ५ ते ७, तर ड्रोस्पिरेनोन किंवा डेसोजेस्ट्रेल असलेल्या महागड्या गोळ्यांवर ९ ते १२. धोका सगळ्यांतच थोडा आहे, पण या बाबतीत स्वस्त गोळीच उजवी. मुरुमं किंवा इतर कारणासाठी डॉक्टरांनी दुसरी दिली तर गोष्ट वेगळी.

गोळी सुरू करण्याआधी रक्तदाब मोजून घ्या. तो १४०/९० किंवा वर असेल, डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येऊन अर्धशिशी होत असेल, पूर्वी गुठळी, पक्षाघात, हृदयविकार, यकृताचा आजार किंवा स्तनाचा कर्करोग झाला असेल, पस्तिशीनंतर धूम्रपान असेल, किंवा अंगावर पिणारं बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, तर ही गोळी नको. एका पायाची पोटरी सुजून दुखणं, छातीत कळ, दम लागणं, अचानक भयंकर डोकेदुखी किंवा दिसेनासं होणं, यांपैकी काहीही झालं तर गोळी थांबवून तडक दवाखाना गाठा.

क्षयरोगाच्या उपचारातल्या रिफाम्पिसिनमुळे ही गोळी निकामी होते. उपचार चालू असताना आणि संपल्यावरही चार आठवडे. फिटच्या काही औषधांचंही तसंच, कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन त्यांतली. तांबी किंवा दुसरं साधन डॉक्टरांना विचारून घ्या. सर्दी-खोकल्याला दिलेल्या अमॉक्सिसिलिनने मात्र काही बिघडत नाही.

आरोग्य केंद्रात बऱ्याचदा एका वेळी एकच पाकीट हातात ठेवतात आणि पुढच्या महिन्यात "साठा संपलाय" म्हणतात. नेमकी तिथेच सातची सुट्टी दहाची होते. दोन-तीन पाकिटं एकदम मागा, आशाताईंकडे नाव सांगून ठेवा, आणि तपकिरी गोळ्या सुरू व्हायच्या आत पुढचं पाकीट घरात असू द्या. नाहीच मिळालं तर त्याच दिवशी दुकानातून माला-डी आणा. औषध तेच आहे, मोजणी तशीच पुढे चालू ठेवता येते.