माइकचा जॅक आणि आठ महिने: रोलँड फॅन्टम ६

दुकानात बाकीचे पियानो आणि स्ट्रिंग्ज ऐकत होते, तेव्हा मी मागे वाकून जॅक बघत होते. २०१९ साली आलेल्या या फॅन्टम की-बोर्डला माइकसाठी दोन कॉम्बो जॅक आहेत, म्हणजे जाड एक्सएलआर आणि साधी पाव इंची, दोन्ही पिना घेणारे. माइकची तीन टोकांची एक्सएलआर पिन थेट बसते आणि बारीक आवाज टिपणाऱ्या कंडेन्सर माइकला लागणारा ४८ व्होल्टचा फँटम पॉवर, म्हणजे केबलमधूनच जाणारी वीज, तीही मिळते. आठ महिन्यांपूर्वी मी हा की-बोर्ड घेतला तो याच कारणासाठी.

बऱ्याच की-बोर्डना ‘माइक इन’ असतं, पण ते पाव इंची जॅकवर. त्यावर वीज न लागणारा डायनॅमिक माइक चालतो, कंडेन्सर मात्र मुका राहतो. माइकमधून निघतात जेमतेम काही मिलिव्होल्ट. ते वाढवण्याचं काम की-बोर्डमधल्या प्रीअँप नावाच्या सर्किटचं, आणि तो कच्चा असला की आवाजासोबत सरसरही वाढते. आधीच्या की-बोर्डवर मी दोन वर्षं तेच सोसलं: गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवणारी खुंटी, पूर्ण वर, तरी गाणारी शेजारच्या खोलीत बसल्यासारखी, आणि मागे अखंड ‘सूं’.

आता खरा फायदा सांगते. आमच्या गुरुबाईंचा तानपुरा काळी पाचच्या पट्टीत लावलेला होता. एका संध्याकाळी पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, भोपळ्यापासून वीतभर अंतरावर कंडेन्सर ठेवला आणि चार आवर्तनं थेट की-बोर्डच्या पॅडवर (दाबलं की आवाज वाजवणाऱ्या बटणावर) सॅम्पल केली, म्हणजे रेकॉर्ड करून ठेवली. पहिल्या खेपेला फ्रिजची घरघर आली. फ्रिज बंद करून पुन्हा घेतलं. जवारीची ती झिणझिण, षड्ज सुटल्यावर वर तरंगणारा गंधार, सगळं जसंच्या तसं उतरलं. आता रियाजाला बसले की एक पॅड दाबायचा. यासाठी लॅपटॉप नाही, माइक त्याला जोडणारा इंटरफेस नाही, केबलींचं जंजाळ नाही. चाल सुचली की मुखडाही असाच गुणगुणून ठेवते. लॅपटॉप सुरू होईपर्यंत माझ्या कितीतरी चाली निसटल्या आहेत, म्हणून मला याचं इतकं मोल वाटतं.

एक लक्षात ठेवा. सॅम्पल केलेला आवाज की-बोर्डच्या ट्रान्सपोजबरोबर, म्हणजे पट्टी बदलण्याच्या सोयीबरोबर, हलत नाही. अंतरा वर ताणतोय म्हणून गायिका काळी चारला उतरली, तर मुखडा पुन्हा घ्यावा लागतो.

कार्यक्रमात मात्र मी हे वापरणं सोडलं. एका छोट्या सभागृहात मिक्सरला चॅनेल कमी पडले, म्हणून निवेदिकेचा माइक की-बोर्डला लावला. तिचा आवाज आणि माझ्या स्ट्रिंग्ज की-बोर्डच्या आउटपुटच्या एकाच जोडीतून बाहेर. साउंडवाल्या दादांनी तिला वर घेतलं की मीही वर, स्पीकर शिट्टी मारायला लागला की दोघीही खाली. दादा म्हणाले, “ताई, मला गळा वेगळा द्या.” बरोबरच होतं त्यांचं. स्टेजवर माइक मिक्सरलाच हवा.

तरी वर्कस्टेशनमध्ये, म्हणजे वाजवण्यासोबत रेकॉर्डही करणाऱ्या अशा की-बोर्डमध्ये, प्रीअँप हवाच, असं माझं ठाम मत आहे. पण द्यायचा तर एक्सएलआर आणि ४८ व्होल्टसकट द्या. जागा भरण्यापुरता जॅक ठेवून त्याला माइक इन म्हणू नका. नुसता कार्यक्रमांसाठी की-बोर्ड घेणाऱ्यांनी यासाठी जादा पैसे मोजायची गरज नाही.

बघायला जाल तेव्हा स्वतःचा माइक न्या. हेडफोन लावा, गेन वर न्या आणि काहीही न बोलता अर्धा मिनिट ऐका. सरसर असेल तर तिथेच कळेल.