ऑटोमॅटिक रेकॉर्ड प्लेअर: काही महिने वापरल्यानंतर (आणि कॅरॅव्हन या बँडची शेवटची दीड मिनिटं)

‘हा दोष नाही, ही सोय आहे,’ गाणं संपायच्या आधीच नवा प्लेअर थांबतो या माझ्या तक्रारीवर दुकानाच्या ग्राहकसेवेने मला असं कळवलं. त्यानंतर मी त्यांना जे जे लिहिलं, त्यातला छापण्याजोगा भाग इथे देते. दुकानाचं आणि कंपनीचं नाव घेत नाही, कारण पैशाचा निकाल लागला आहे.

बेल्ट-ड्राइव्ह (तबकडी पट्ट्याने फिरते), आतच प्री-अँप (सुईचा क्षीण आवाज वाढवणारा भाग), ब्लूटूथ वगैरे माहिती तुम्ही जाहिरातीत वाचली असेलच. १८० पौंड मोजून घेतला. ह्यांचं म्हणणं, फोनवर सगळं फुकट ऐकू येत असताना एवढे पैसे कशाला? पण माळ्यावर माझ्या रेकॉर्ड्सचा खोका होता. नर्सिंग शिकायला इंग्लंडातल्या कॅंटरबरीजवळ आले तेव्हापासून पगारातून चार-चार पैसे वाचवून घेतलेल्या, लग्नानंतर चार घरं बदलताना एकही न टाकलेल्या. त्या फुकट जाऊ द्यायच्या?

सगळ्यात आधी लावली ती कॅरॅव्हनची ‘इन द लँड ऑफ ग्रे अँड पिंक’, १९७१ ची. ज्यांना हा बँड माहीत नाही त्यांचा दोष नाही. कॅंटरबरीतल्या वाइल्ड फ्लॉवर्स या बँडमधून दोन बँड निघाले, सॉफ्ट मशीन आणि कॅरॅव्हन. पहिल्याचं नाव जाणकार घेतात, दुसऱ्याचं फारसं कोणी घेत नाही. ही रेकॉर्ड निघाली तेव्हा खपही बेताचाच झाला, आणि त्याच वर्षी ऑर्गनवाला डेव्ह सिंक्लेअर बँड सोडून गेला. पण आमच्या नर्सेस होममध्ये ती इतक्या वेळा वाजायची की वॉर्डन जिन्यातून ओरडायची.

आता मुद्द्याचं. दुसऱ्या बाजूला एकच रचना आहे, ‘नाइन फीट अंडरग्राउंड’, २२ मिनिटं ४० सेकंद. बराच वेळ जे गिटार वाटतं, ते खरं तर फझमधून, म्हणजे आवाज खरखरीत करणाऱ्या यंत्रातून, काढलेलं ऑर्गन आहे. शेवटी सगळा बँड एक जड रिफ (पुन्हा पुन्हा वाजणारा सुरांचा तुकडा) धरतो आणि त्यावर आदळत राहतो. त्याच्यासाठी तर आधीची वीस मिनिटं धीर धरायचा! आणि ऐन तिथे, एकवीस मिनिटं उलटल्यावर, या यंत्राने आर्म (सुईचा दांडा) उचलला आणि शांतपणे जागेवर नेऊन ठेवला. पुन्हा लावली, पुन्हा तेच.

पहिलं उत्तर आलं की रेकॉर्ड नीट बसवली आहे ना ते तपासा. अहो, मी आयुष्यभर लोकांना सलाइन लावली आहेत, मला तबकडी बसवता येत नाही? दुसरं उत्तर ते सोयीचं. एवढी लांब बाजू ‘क्वचितच’ असते म्हणे.

क्वचित? जेनेसिस या बँडची १९७३ ची ‘सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड’ काढली. जेनेसिसला दुर्लक्षित कोणी म्हणणार नाही, पण पुराव्याला बरी. तिची दुसरी बाजू २८ मिनिटांच्या वर आहे. शेवटी दीड मिनिटाचं छोटं गाणं आहे. त्यात सुपरमार्केटांच्या नावांवर कोट्या आहेत, आणि अखेरीस किराण्याचे भाव चक्क वाचून दाखवतात. काटकसरी बाईला याहून जवळचं गाणं कुठलं? तेही यंत्राने गिळलं.

तेव्हा कारण लक्षात आलं. हा प्लेअर मिनिटं मोजत नाही, जागा मोजतो. आर्म लेबलपासून ठरावीक अंतरावर आला की गाणं संपलं असं धरून चालतो. जास्त मिनिटांच्या बाजूला खोबणी लेबलच्या बऱ्याच जवळ जाते, म्हणून तीच कापली जाते. जुन्या यंत्रांत असं नव्हतं. इंग्लंडातल्या स्विंडनला बनणारे गॅरार्ड कंपनीचे चेंजर (एकामागून एक रेकॉर्ड आपोआप लावणारे प्लेअर) आर्मचा वेग ओळखायचे. गाणं संपल्यावर खोबणी विरळ होते, आर्म झपाट्याने आत सरकतो, आणि त्या हिसक्याने यंत्रणा सुटते. बाजू केवढीही लांब असो, गाणं पुरं व्हायचं. पन्नास वर्षांपूर्वी जमत होतं, आता ब्लूटूथ आहे पण हे नाही.

आवाजाबद्दल मात्र मत बदललं. सुरुवातीला मी रागात दोन तारे ठरवले होते. मग एका रविवारी फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या बँडची ‘लीज अँड लीफ’ लावली. त्यांची गायिका सँडी डेनी हिचा आवाज इतका समोर आला की ह्यांनी पेपर खाली ठेवला. सँडीही काही काळ ब्रॉम्प्टन हॉस्पिटलात नर्सिंग शिकत होती, हे आमच्या होममधल्या प्रत्येकीला पाठ होतं. मेलडी मेकर या संगीत साप्ताहिकाच्या वाचकांनी १९७० आणि १९७१ ला तिला सर्वोत्तम ब्रिटिश गायिका म्हणून निवडलं, १९७८ ला एकतिसाव्या वर्षी ती गेली, आणि आज लोकांना ती आठवते ती लेड झेपेलिन या बँडच्या एका गाण्यात साथ दिली म्हणून. मला राग येतो. कॅरॅव्हनचा रिचर्ड सिंक्लेअरही तसाच, अमेरिकन हेल न काढता केंटमधल्या (कॅंटरबरीच्या परगण्यातल्या) शेजाऱ्यासारखं गायचा, बहुतेक म्हणूनच मागे राहिला. त्याचं बास गिटार या प्लेअरवर फार गोड वाजतं. कॅमल या बँडची ‘स्नो गूज’ तर यंत्राने अखंड वाजवली, तिला कात्री लागली नाही.

इंग्लंडात राहणाऱ्यांसाठी कामाची गोष्ट: २०१५ च्या कंझ्युमर राइट्स ॲक्टप्रमाणे जबाबदारी विकणाऱ्याची आहे. ‘कंपनीला विचारा’ म्हणाले तर ऐकू नका. पहिल्या सहा महिन्यांत दोष दिसला तर तो विकताना नव्हता हे सिद्ध करणं दुकानाच्या अंगावर. एकदा दुरुस्ती किंवा बदली करूनही दोष राहिला तर किंमत कमी करून मागता येते किंवा वस्तू परत करून पैसे मागता येतात. मी सगळं लेखी ठेवलं. त्यांनी बदलून दिलेला प्लेअरही त्याच जागी थांबला. मग ४० पौंड परत देऊन प्रकरण मिटवायला ते तयार झाले. ६० मागितले होते.

परत का दिला नाही? १४० पौंडांत असा आवाज दुसरीकडे मिळेना, हेच खरं. पैसे खात्यात आल्यावर गावातल्या जुन्या रेडिओ-दुरुस्तीवाल्याने ऑटो-स्टॉपची जोडणी काढून टाकली. वॉरंटी गेली, पण रिफ पुरा ऐकला. आता बाजू संपली की सुई आतल्या खोबणीत खरखरत फिरत राहते आणि झिजते, म्हणून ओव्हनचा टायमर लावून बसते. ऑटोमॅटिक यंत्राचे पैसे देऊन हाताने चालवायचं. वर नवी सुई २२ पौंडांची.

तीन तारे. घ्यायचाच असेल तर दुकानात आपली सगळ्यात लांब रेकॉर्ड घेऊन जा आणि दुसरी बाजू शेवटपर्यंत वाजवायला लावा. सेल्समन घाई करेल, करू द्या. पोपटाच्या चित्रांची कव्हरं काढणाऱ्या कार्डिफच्या बजी या बँडची रेकॉर्ड मात्र तिथे लावू नका, शेजारच्या गिऱ्हाइकांना सोसणार नाही.