चुरा न होणारी गोळी: पेशंटच्या बाजूने रिव्ह्यू

ऑक्सिकोडोन या अफूवर्गातल्या वेदनाशामकाची बारा तास चालणारी कडक गोळी आणि त्याच औषधाची मेणाच्या कणांची कॅप्सूल, दोन्ही माझ्या रोजच्या हाताळणीतल्या. मी पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे गंभीर आजारातलं दुखणं हलकं करणाऱ्या सेवेत, फार्मासिस्ट आहे. बहुतेक पेशंट कॅन्सरचे. डॉक्टरांनी औषध लिहिलं की ते कसं घ्यायचं हे पेशंटला आणि घरच्यांना समजावणं माझं काम. नशेसाठी वापरता येऊ नयेत म्हणून ही दोन्ही औषधं मुद्दाम तशी घडवलेली आहेत, आणि त्यांची चर्चा होते ती नशा करणाऱ्यांना किती रोखलं एवढ्यावरच. पण कुलूप चोरासाठी असलं तरी ते रोज उघडावं लागतं घरच्यांनाच. म्हणून हा रिव्ह्यू दुखणं सोसणाऱ्या माणसाच्या बाजूने.

आधी कडक गोळी, म्हणजे ऑक्सिकॉन्टिन. ती १९९६ मध्ये अमेरिकेत बाजारात आली. औषध हळूहळू सुटतं, त्यामुळे गैरवापराची ओढ कमी राहील असं तेव्हा लेबलवरच छापलं होतं. घडलं उलटं. गोळी चिरडली की बारा तासांचा डोस एकदम मोकळा व्हायचा. त्यापायी किती घरं उद्ध्वस्त झाली ते आता सगळ्या जगाला माहीत आहे. २०१० मध्ये कंपनीने बनावट बदलली. पॉलिइथिलिन ऑक्साइड हे पॉलिमर वापरून गोळी इतकी चिवट केली की तिची सहजासहजी पूड होत नाही, आणि पाणी लागलं की घट्ट, बुळबुळीत जेल होतं. ते ना नाकातून ओढता येतं, ना सुईत घेता येतं. २०१३ मध्ये एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, हा गुण लेबलवर लिहायला परवानगी दिली आणि जुन्या बनावटीच्या जेनेरिक गोळ्यांना मंजुरी द्यायची नाही असं ठरवलं. योग्यच केलं.

पण जेल होण्याचा हा गुण घशात अवगुण ठरतो. माझे एक पेशंट होते, मानेला रेडिएशन घेतलेले. तोंडात लाळ जवळजवळ नाहीच. प्रत्येक गोळी आधी ओठांत धरून ओली करायची आणि मग गिळायची, ही त्यांची जुनी सवय. ही गोळी ओली झाली की बाहेरचा थर चिकट होतो. ती घशात अडकली. काका घाबरले, सूनबाई त्यांच्याहून जास्त. दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी विचारलं, "ताई, कुटून पाण्यातून दिली तर चालेल का?" अजिबात नाही. गोळी कितीही कडक असली तरी तोडणं, चावणं, कुटणं धोक्याचंच. जास्त औषध एकदम अंगात जाऊन श्वास मंदावू शकतो. गोळी ओली करू नका, चाटू नका, एका वेळी एकच घ्या आणि तोंडात टाकताच भरपूर पाण्याबरोबर गिळा, ही सूचना माहितीपत्रकात आहे. पण कुठे, तर बारीक अक्षरांच्या गर्दीत. ती खोक्यावर ठळक छापायला हवी. तोवर मी प्रत्येक डबीवर पेनने लिहून देते.

गैरवापराची एक वाट बंद केली की माणूस दुसरी शोधतो, याचा सर्वांत वाईट दाखला म्हणजे ओपाना ईआर. ऑक्सिमॉर्फोन या तशाच वेदनाशामकाची ही गोळीही चिरडता येऊ नये अशी केली होती. लोक नाकातून ओढायचे ते सुईकडे वळले. २०१५ मध्ये इंडियानातल्या स्कॉट काउंटीत त्याच सुया वाटून वापरल्याने एचआयव्हीची मोठी साथ पसरली. २०१७ मध्ये एफडीएने कंपनीला हे औषध बाजारातून काढायला सांगितलं. ऑक्सिकॉन्टिन बदलल्यावरही काही जण हेरॉइनकडे गेले, हे अभ्यासांत दिसलं आहे.

दुसरी तऱ्हा एम्बेडा या कॅप्सूलची, २००९ ची, आता बाजारात नसलेली. मॉर्फिनच्या कणांच्या पोटात नाल्ट्रेक्सोन बंद करून ठेवलेलं. कण अख्खे गिळले तर ते शरीराबाहेर तसंच निघून जातं. कण फुटले तर सुटतं आणि मॉर्फिनचा परिणाम अडवतं. कल्पना हुशारीची आहे, पण मला तिची धास्ती वाटते. महिनोन्‌महिने मॉर्फिनवर असलेल्या आजींनी विसरून कण चावले तर घाम, उलट्या, कळा आणि उसळून आलेलं दुखणं, ही शिक्षा त्यांना कशासाठी?

आणि यांतली कुठलीही बनावट चार गोळ्या अख्ख्या गिळणाऱ्याला थांबवू शकत नाही. गैरवापर सर्वांत जास्त होतो तो याच मार्गाने. व्यसन लागण्याचा धोकाही तसाच राहतो. लेबलवर 'गैरवापररोधक' वाचून घरचे निर्धास्त होतात, तिथे मला कडक बोलावं लागतं: गोळ्या मोजून ठेवा, कपाट बंद ठेवा.

माझी पसंती एक्सटॅम्प्झा ईआरला, २०१६ मध्ये मंजूर झालेल्या मेणाच्या कणांच्या कॅप्सूलला. प्रत्येक कणात औषध मेणासारख्या पदार्थात मुरवलेलं असतं, त्यामुळे कण चिरडले तरी त्याचा संथपणा बराचसा टिकतो. आणि कॅप्सूल उघडून कण मऊ अन्नावर भुरभुरून देता येतात, पोटातल्या नळीतूनही सोडता येतात. गिळता न येणाऱ्या माणसाचा विचार इथे बनावटीतच झालाय. बाकीच्यांनी हे आधी का केलं नाही, याचा मला राग येतो.

खोट दोन. आकडे गोंधळात टाकतात: ९ मिलिग्रॅमची कॅप्सूल ही नेहमीच्या १० मिलिग्रॅमच्या गोळीच्या बरोबरीची, त्यामुळे औषध बदलताना हिशेब पुन्हा पुन्हा तपासावा लागतो. आणि ती जेवणाबरोबरच घ्यावी लागते, दर वेळी साधारण तेवढ्याच अन्नाबरोबर. रिकाम्या पोटी औषध कमी शोषलं जातं. केमोनंतर ज्यांना घासभर अन्नही जात नाही त्यांच्यासाठी मी हिची शिफारस करत नाही. तिथे मॉर्फिनचं पातळ औषध किंवा फेंटानिल या वेदनाशामकाचा कातडीवर चिकटवायचा पॅच देता येईल का, हे डॉक्टरांना विचारते.