मनुष्यस्वभाव आणि नैतिक व्यवस्थापन : एका प्रशिक्षणवर्गाचे परीक्षण

व्यवस्थापकांसाठीचा हा दोन दिवसांचा प्रशिक्षणवर्ग मी नुकताच पूर्ण केला. माणूस मुळात कसा आहे हे कळले की हाताखालच्यांशी कसे वागावे हेही ठरते, असा वर्गाचा दावा आहे. दाव्याचा पूर्वार्ध मला पुरता पटला, उत्तरार्ध निम्माच.

पहिल्या दिवशी आमच्या जोड्या लावून, जर्मन अर्थतज्ज्ञांनी १९८२ साली अभ्यासलेला वाटणीचा खेळ खेळवला गेला. १०० गुणांपैकी किती द्यायचे हे एकाने ठरवायचे आणि दुसऱ्याने ते घ्यायचे किंवा नाकारायचे. नाकारले तर दोघांच्याही हाती शून्य. जोडीदाराने मला १५ देऊ केले आणि त्या गुणांना काडीची किंमत नाही हे ठाऊक असूनही मी ते तडकाफडकी नाकारले. पगारवाढीचे निकष दडवून ठेवले की चांगली माणसेही काम अंगाबाहेर का टाकू लागतात, हे मग वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

दंडावरचे सत्रही कसदार होते. इस्रायलमधील हैफा शहरातल्या काही पाळणाघरांनी मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना दंड लावला, तेव्हा उशीर उलट वाढला, कारण संकोच गेला आणि उशिराला दर मिळाला. दंड मागे घेतल्यावरही उशीर पूर्वपदावर आला नाही. उशिरा येणाऱ्यांची पगारकपात सुरू करून मीही एकदा हेच ओढवून घेतले होते.

खटकला तो दुसरा दिवस. 'माणूस असा आहे' यावरून 'म्हणून असे वागावे' अशी उडी प्रशिक्षक वारंवार घेत होते, आणि या उडीकडे तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने अठराव्या शतकातच बोट दाखवले असल्याची दखलही नव्हती. एका सहभागी बाईंनी मानसशास्त्रज्ञ स्टॅनली मिल्ग्रॅमचा १९६१ सालचा प्रयोग काढला : वरून हुकूम आला म्हणून ४० पैकी २६ जण समोरच्या माणसाला विजेचे झटके (खोटे, पण त्यांना खरे वाटणारे) शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत देत गेले. आज्ञाधारकपणाही स्वभावातच असेल, तर व्यवस्थापकाने तो वापरून घ्यावा की त्याला आवर घालावा? प्रशिक्षकांनी वेळेचे कारण पुढे केले. वास्तविक याच प्रश्नावर अख्खे सत्र हवे होते, कारण स्वभावाची माहिती आपल्या नियमाने माणसाचे काय होईल एवढेच सांगते. ते होऊ द्यावे का, हे नियम करणाऱ्यालाच ठरवावे लागते.

छापील पुस्तिका नीटनेटकी आहे, परंतु तिच्यात फक्त दुसऱ्या दिवसाचे तक्ते आहेत. वर्ग एकाच दिवसाचा असता, तर मी तो निःशंकपणे सुचवला असता.