राजारामपुरीतलं कोवर्किंग: घ्या, पण रोजचं नको

हे फ्रीलान्सवाल्यांसाठी लिहितेय, कंपनीची नोकरी आणि वर्क फ्रॉम होम असेल तर तुमचा हिशोब वेगळा. मी फौंड्रीवाल्यांना कॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर, पॅटर्न-कास्टिंगची (साचा आणि ओतीव पार्टची) ड्रॉइंग करून देते, गिऱ्हाईक सगळं शिरोली, गोकुळ शिरगाव नाहीतर कागल एमआयडीसीतलं. वर्ष होत आलं, कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका कोवर्किंगमध्ये, म्हणजे पैसे भरून टेबल-खुर्ची मिळते अशा सगळ्यांच्या ऑफिसात, जाऊन बसते. नाव लिहीत नाही, कारण खाली नावं पण ठेवलीत आणि मालक समोर भेटतो.

आधी पैशाचं बोलू. हॉट डेस्क, म्हणजे जी खुर्ची रिकामी दिसेल ती आपली, महिन्याला साडेचार हजार. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे खिशातून जातात ५,३१०. तुमच्याकडं जीएसटी नंबर असेल तर वरचे ८१० क्रेडिटमध्ये सुटतात, उलाढाल वीस लाखाच्या आत आहे म्हणून नंबरच घेतला नसेल तर ते गेले समजा. फिक्स डेस्क सहा हजार अधिक जीएसटी, त्यात लॉकर मिळतो. आणि एक दहा दिवसांचं पॅक आहे अडीच हजाराचं, जीएसटी धरून २,९५०, ते बोर्डावर कुठं लिहिलेलं नाही, विचारलं की सांगतात. मी तेच घेते. थ्रीडी मॉडेलिंगला माझा घरचा मोठा पीसी आणि दोन मॉनिटर लागतात, ते काय रोज स्कूटीवर घालून न्यायचं नाही, त्यामुळं जड काम घरी आणि ड्रॉइंग चेकिंग, कोटेशन, बिलं, गिऱ्हाइकाशी बोलणं हे सगळं तिथं.

आता खरा फायदा काय, तर तो इंटरनेटचा नाही आणि एसीचा पण नाही. घरात बसून काम करणारी सून म्हणजे घरातल्यांच्या हिशोबी नुसती घरात बसलेली सून. लॅपटॉप उघडा, कानात हेडफोन, तरी सिलेंडरवाला आला की मी, शेजारच्यांचं पार्सल घ्यायचं तर मी, गावाकडनं कोण आलं की चहा टाकायला मीच, आणि वर "तू हाईसच की घरात". यात कुणी वाईट वागतंय असं नाही, त्यांना खरंच ते काम दिसत नाही. तेच मी साडेनऊला डबा घेऊन बाहेर पडले की सासूबाई स्वतः फोनवर लोकांना सांगतात, ती ऑफिसला गेलीय, संध्याकाळी फोन करा. एका पैशाची पगारवाढ नाही, कामात काही बदल नाही, पण घरात वजन आलं. माझे २,९५० तिथंच वसूल होतात, बाकीचं सगळं बोनस.

बोनसमधला मोठा भाग म्हणजे शेजारी बसणारी माणसं. एकट्यानं धंदा करताना सगळ्यात जास्त काय नडतं तर आपल्याला काय माहीत नाही हेच माहीत नसतंय. माझं एका पार्टीकडं चार महिने बिल अडकलं होतं, बाजूच्या टेबलावर एक तरुण सीए बसतो, त्यानं चहा पिता पिता सांगितलं की ताई, उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, करून घ्या, ऑनलाइन आहे, फुकट आहे, सर्व्हिसवाल्यांना पण मिळतंय. २००६ च्या एमएसएमई कायद्यात छोट्या उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यायला लागतात, आणि एप्रिल २०२४ पासून तर मुदतीत पैसे दिले नाहीत तर समोरच्या कंपनीला तो खर्च पैसे देईपर्यंत इन्कम टॅक्समध्ये धरता येत नाही. आता माझ्या प्रत्येक बिलावर उद्यम नंबर छापलेला असतो आणि मार्च जवळ आला की अकाउंट्सवाले आपणहून फोन करतात. हे मला घरात बसून कुणी सांगितलं नसतं. अर्थात सीए शेजारी बसेलच याची गॅरंटी नाही हां, माझ्या दुसऱ्या बाजूला बसणारा दिवसभर क्रिप्टोवर बोलतो.

पण हीच माणसं तोटा पण आहेत. पुण्यात शेजारचा कोण कुठला काय देणं-घेणं नसतं, कोल्हापुरात शेजारचा तुमच्या गिऱ्हाइकाचा मेहुणा निघतो. मी फोनवर एका पार्टचा रेट सांगितला तर तो संध्याकाळपर्यंत शिरोलीत पोचू शकतो, आणि माझ्या स्क्रीनवर जे ड्रॉइंग असतं ते दुसऱ्या कुणाच्या मालकीचं असतं, एनडीएवर, म्हणजे गुप्ततेच्या करारावर, सही केलेली असते. मोकळ्या हॉलमध्ये निम्म्या खुर्च्या अशा लावल्यात की जाणाऱ्या-येणाऱ्याला स्क्रीन दिसते. मी भिंतीकडं पाठ करून कोपऱ्यात बसते, त्यासाठी दहाच्या आत पोचायला लागतं, नाहीतर कोपरा गेला. प्रायव्हसी फिल्टर मिळतो स्क्रीनला लावायला, तो घ्याच.

आवाजाचं तर बोलूच नका. फोन बूथ, म्हणजे फोनवर बोलायची बंद खोली, एकच, लोक पंचवीस, आणि आपल्या माणसाला फोनवर हळू बोलता येत नाही ही वस्तुस्थिती आहे. त्यात ऑगस्ट २०२५ ला हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं, सातारा-सांगली-सोलापूरपासून रत्नागिरी-सिंधुदुर्गपर्यंतची कामं इथं यायला लागली, तेव्हापासून बाहेरगावचे वकील डे पासवर येऊन बसतात. माणसं चांगली, चहा पाजतात, पण अख्ख्या हॉलला अशिलाची बाजू कळते. बूथ वाढवा म्हणून सगळ्यांनी सांगून झालं, मालक "करूया की" म्हणतो. करूया की म्हणजे काय ते कोल्हापूरकरांना सांगायला नको.

इंटरनेट डाउनलोडला झकास, अपलोडला दुपारी बारा ते चार रडतंय. मला मोठ्या फायली पाठवायच्या असतात त्यामुळं त्या मी सकाळीच ढकलते. लाईट गेली तर इन्व्हर्टरवर वायफाय आणि पंखे चालतात, एसी नाही, मे महिन्यात त्याचा अर्थ कळतो. खुर्च्या चांगल्या आहेत, खरंच, घरच्या डायनिंगच्या खुर्चीवर बसून माझी कंबर गेली होती ती सुधारली. बाथरूम स्वच्छ, बायकांचं वेगळं, आतून कडी नीट लागते. हे मुद्दाम लिहिलंय कारण पुरुषांच्या रिव्ह्यूत हे कधीच नसतंय. संध्याकाळी सातनंतर मात्र खाली शटर अर्धं ओढतात आणि जिन्यातला दिवा बंद करतात, उशिरापर्यंत बसायचं असेल तर आधी विचारून घ्या. पार्किंग? नाहीच. मेन रोडला जागा मिळाली तर नशीब, मी गल्लीत लावून चालत येते.

जागा निवडताना पुराचं बघा, हे बाहेरून आलेल्यांना सुचत नाही. २०१९ ला आणि २०२१ ला व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीच्या खालच्या भागात पाणी होतं, तिथं तळमजल्यावर स्वस्त डेस्क मिळालं तरी जुलै-ऑगस्टचा विचार करून पैसे भरा. राजारामपुरी उंचावर आहे, तो प्रश्न नाही. इथं प्रश्न गणपतीचा, आगमनाच्या मिरवणुकीला राजारामपुरीत जो साउंड लागतो त्यात काम सोडा, विचार पण करता येत नाही. त्या दिवशी बंदच असतंय म्हणा.

पँट्रीत बोर्ड आहे, मांसाहारी डबा आणू नये. कोल्हापुरात, बुधवारी, हा बोर्ड! लोक बाहेर कठड्यावर बसून खातात आणि मालक पण त्यांच्यातच असतो.

स्वस्तात पाहिजे असेल तर एमपीएससीवाल्यांच्या अभ्यासिका आहेत, शांतता एक नंबर, पण फोन घेतला की पन्नास पोरं मान वर करून बघतात. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं आहे, वाचत बसायला मला फार आवडतं, पण तिथं गिऱ्हाइकाशी मशिनिंग अलाउन्सवर भांडता येत नाही. कॅफेत दोन तासांनी वेटर टेबल पुसायला लागतो, आपण समजून जायचं.

रोजचं का नको म्हणतेय? कारण रोज गेलं की ते पण ऑफिसच होतंय, तेच चेहरे, तेच चहाला उठणं, आणि स्वतःच्या वेळेवर काम करायचं म्हणून जे सोडलं तेच पैसे भरून परत घेतल्यासारखं. हे कोवर्किंग ज्यानं सुरू केलं तो ब्रॅड न्यूबर्ग, सॅन फ्रान्सिस्कोचा, २००५ ची गोष्ट, त्यानं पण पहिली जागा आठवड्यातनं दोनच दिवस चालवली होती, आणि सुरुवातीला तिथं कुणी फिरकलं पण नाही. दोन-तीन दिवस बास होतंय. पूर्ण महिना त्यांनीच घ्यावा ज्यांच्या घरी खरंच बसायला जागा नाही, किंवा दोघं-तिघं मिळून धंदा सुरू करताय आणि गाळ्याचं डिपॉझिट, वायरिंग, इन्व्हर्टर यात पैसे अडकवायचे नाहीत. जीएसटीसाठी तिथला पत्ता पाहिजे असेल तर अ‍ॅग्रीमेंट आणि एनओसी देणार का ते पैसे भरायच्या आधी लेखी घ्या, तोंडी सगळेच हो म्हणतात.

माझ्याकडनं पाचपैकी साडेतीन. अर्धा बूथसाठी कापला, एक पँट्रीतल्या बोर्डासाठी. ट्रायल डे फुकट देतात, तो सकाळी घेऊ नका, सकाळी सगळं छानच दिसतंय. सोमवारी दुपारी दोनला जा, हॉल भरलेला असताना, आणि एक मोठी फाईल अपलोडला लावून बघा.